नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल

लडाखमध्ये माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी नायक होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. मूळ गाव नातेपुत्याजवळ, घरची मेंढरं. फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात नोकरीभर पाना होता. बंदूक होती, तिची साफसफाईही नेमाने केली, पण पगार पान्याचा घेतला.

आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत दोन बुखाऱ्या, म्हणजे रॉकेलवर चालणाऱ्या शेगड्या. ऑइलचे डबे आम्ही त्या बुखारीच्या कडेला ठेवायचो, कारण बाहेर ठेवलं तर ऑइल काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि इंजिनात ओतताना धार धरायची नाही. सकाळी चहाच्या आधी गाड्या सुरू करायच्या. एखादी सुरू झाली नाही तर चहा राहिला. वर्कशॉपचे जेसीओ, म्हणजे आमचे वरिष्ठ, होते नायब सुभेदार गुरमेल सिंग. पंजाबचे, कमी बोलणारे. गाडीच्या आवाजावरून त्यांना रोग कळतो असं सगळे म्हणायचे. ते स्वतः म्हणायचे, आवाजावरून फक्त आवाज कळतो, झाकण उघडा.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्हाला एक नवी कोरी अँब्युलन्स मिळाली. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून नायक सिद्धाराम बिराजदार आला. अक्कलकोट तालुक्यातला, सीमेकडच्या गावचा. घरी कन्नड, शाळेत मराठी, पलटणीत हिंदी. मी सोलापूर जिल्ह्यातला आहे हे कळलं त्या दिवशी तो मेसमध्ये माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "नातेपुतं? मग तू आमच्यातलाच की." नातेपुतं आणि त्याचं गाव यांच्यामध्ये अख्खा जिल्हा आहे. पण तिथून बघितलं तर दोन्ही गावं शेजारी होती.

सिद्धाराम उंच, शांत, दाढी रोज करणारा. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि त्याने ती अजून पाहिली नव्हती. गाडी चढाला लागली की तो तिच्याशी हळू आवाजात कन्नडमध्ये बोलायचा. "नडी तम्मा, नडी." चल भावा, चल. पहिल्यांदा मी हसलो होतो. नंतर सवय झाली.

नव्या इंजिनाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवं इंजिन वरून गुळगुळीत दिसतं, पण आत पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांवर बसायचे असतात. घासत घासत बसतात. त्यात धातूचे अगदी बारीक कण सुटतात आणि ऑइलमध्ये उतरतात. म्हणून आमच्या त्या गाड्यांचं पहिलं ऑइल लवकर बदलायचा नियम होता. किती किलोमीटरला, ते ठरलेलं असायचं. तोपर्यंत गाडी पळवायची नाही, भार पूर्ण टाकायचा नाही, थंड इंजिन रेस करायचं नाही.

अँब्युलन्सचे ते किलोमीटर पुरे व्हायला बरेच बाकी होते. आणि वर ऑइलची टंचाई होती. बर्फाने मैदानातून वर येणारा रस्ता बंद झाला होता, पुढचा साठा रस्ता उघडल्यावर. जे डबे होते ते कुठल्या गाडीला कधी, हे आधीच ठरलं होतं. अशा वेळी एक दिवस सकाळी सिद्धाराम अँब्युलन्स घेऊन शेडमध्ये आला आणि म्हणाला, ऑइल बदला.

मी म्हणालो, अजून वेळ आहे.

त्याने बॉनेट उघडलं, ऑइलची पातळी बघायची पट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली. "वाढलंय बघ."

ऑइल कमी झालेलं मी शंभरदा पाहिलं होतं. इथे पट्टीवर ते खुणेच्या वर गेलेलं होतं. मी म्हणालो, कुणीतरी जास्त ओतलं असेल. तो म्हणाला, "कुणी वतलं न्हाय. वास घे."

मी वास घेतला. डिझेलचा वास येत होता.

तेव्हा कारण लक्षात आलं. अँब्युलन्स म्हणून ती गाडी उभी असतानाही चालू ठेवावी लागायची. पेशंटसाठी आत ऊब हवी, आणि बंद केली तर सुरू होईल याची खात्री नाही. किलोमीटरचा काटा जागेवर आणि इंजिन तासन्‌तास धडधडत. अशा थंडीत, नुसत्या उभ्या चालीवर, सगळं डिझेल जळत नाही. थोडं खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं. सिद्धाराम म्हणाला की चढाला इंजिन तापलं की ऑइलच्या प्रेशरचा काटा आता पूर्वीपेक्षा खाली येतो. रोज थोडा खाली.

गुरमेल सिंग साहेब आले. त्यांनी पट्टी घेतली, बोटांमध्ये ऑइल चोळलं, वास घेतला. उजेडाकडे बोट धरून पाहिलं. बोटावर चांदीसारखी बारीक चमक होती. ते सिद्धारामला म्हणाले, "कब से देख रहा है?"

"एक हफ्ता, साहब."

साहेबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "आज ही बदलो. फिल्टर भी." मग ते स्वतः ऑफिसर कमांडिंगकडे गेले आणि अडकलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्या रिकव्हरी गाडीसाठी राखलेले डबे अँब्युलन्सला मागितले. ओसी साहेबांनी एकच प्रश्न विचारला म्हणे, रिकव्हरी गाडीचं काय? गुरमेल सिंग साहेब म्हणाले, ती थांबू शकते, पेशंट थांबू शकत नाही. परवानगी मिळाली.

ऑइल मीच बदललं. सिद्धाराम शेजारी उभा राहून डबे बुखारीजवळ फिरवत होता, सगळ्या बाजूंनी शेकावेत म्हणून. जुनं ऑइल पाण्यासारखं भसाभस खाली आलं. नवं ओतून इंजिन सुरू केलं, काटा वर चढला आणि तिथे थांबला. सिद्धाराम थोडा वेळ त्या काट्याकडे बघत बसला. मग शिट्टी वाजवत गाडी घेऊन गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खिंडीपलीकडच्या एका पोस्टवर जनरेटर बंद पडला. दुरुस्तीला मला पाठवलं. रसदीच्या ट्रकमधून गेलो. काम एका दिवसाचं होतं, पण एक पार्ट घडवून बसवावा लागला आणि मुक्काम वाढला. जनरेटर सुरू झाला. त्याच संध्याकाळी माझं डोकं दुखायला लागलं. मी कुणाला बोललो नाही, तिथे सगळ्यांचंच दुखतं. सकाळी खोकला होता. चार पावलं चाललं की धाप. दुपारी खोकल्यातून गुलाबी फेस आला.

उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं. धडधाकट माणसालाही होतं. उपाय एकच, लवकर खाली नेणं. मला बंकरमध्ये रेडिओ सेटच्या शेजारी झोपवलं होतं, त्यामुळे माझ्याबद्दलचं बोलणं मी स्वतः ऐकलं.

"कॅज्युअल्टी वन. सिरियस. चॉपर चाहिए. ओव्हर."

"चॉपर निगेटिव्ह. वेदर बॅड. रोड स्टेटस? ओव्हर."

"रोड ओपन. स्लिपरी. ओव्हर."

"अँब्युलन्स मूव्ह कर रही है. आउट."

एवढंच. मी डोळे मिटले. मला घरची मेंढरं दिसत होती, तिथे जवळच, बर्फात चरताना.

मला पुढचं आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. बाकीचं नर्सिंग असिस्टंट थॉमसने नंतर सांगितलं. तो अँब्युलन्समध्ये माझ्या उशाशी होता.

दाराशी सिद्धाराम वाकलेला दिसला. म्हणाला, "वाघमोडे, ऊठ की. गाडी दारात हाय." मी उठू शकत नव्हतो हे त्याला दिसत होतं. त्याने आणि थॉमसने मला उचलून आत ठेवलं. ऑक्सिजन लावला. पोस्टवरून खाली यायचं तर आधी खिंड चढावी लागायची. म्हणजे ज्याला खाली न्यायचं त्याला आधी आणखी वर न्यायचं. दुसरा रस्ता नव्हता. खिंडीच्या माथ्यावर गाडी बंद पडली असती तर मी तिथेच संपलो असतो. हे मी आता सांगतोय, तेव्हा ते फक्त त्या दोघांना माहीत होतं.

गाडीच्या मागच्या भागात आणि ड्रायव्हरच्या मध्ये एक छोटी खिडकी होती. सिद्धारामने ती उघडी ठेवली आणि तो माझ्याशी बोलत राहिला. मला झोपू द्यायचं नव्हतं.

"वाघमोडे, तुमची मेंढरं दिवाळीनंतर कुटं जातात?"

मी म्हणालो, कोकणात.

"कुटनं जातात? गावं सांग."

मी मास्कमधून सांगितलं. फलटण.

"मग?"

लोणंद.

"मग?"

शिरवळ. मग भोर. भोरनंतर मला काही आठवेना. तो थांबला नाही. "भोरच्या म्होरं काय हाय? घाट हाय न्हवं? उतर की घाट." मी लहानपणी बापाबरोबर तो वरंधा घाट उतरलो होतो. तो मनातल्या मनात उतरायला लागलो. अधूनमधून पुढून आवाज यायचा, "नडी तम्मा, नडी." तो गाडीला म्हणत होता की मला, ते कळत नव्हतं.

माथ्याजवळ एक ट्रक आडवा घसरून रस्ता अडला होता. थॉमसने सांगितलं की सिद्धारामने इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर आतली ऊब गेली असती. थॉमसला त्याने पुढे बोलावलं, ऑइलच्या काट्यावर बोट ठेवून म्हणाला, हा इथून खाली आला तर मला हाक मार. आणि स्वतः फावडं घेऊन उतरला. ट्रकवाल्या जवानांबरोबर बर्फ काढत होता. बराच वेळ लागला. थॉमस म्हणाला, मी एक डोळा पेशंटवर आणि एक डोळा काट्यावर ठेवून बसलो होतो, आणि काटा हलला नाही. सिद्धाराम परत आला तेव्हा त्याची नखं निळी पडली होती, बोटं मिटत नव्हती. तशाच हातांनी त्याने स्टीअरिंग धरलं आणि उतार सुरू केला.

ऑइल बदललं होतं म्हणूनच मी वाचलो, असं मी छातीठोक म्हणणार नाही. कदाचित जुन्या ऑइलवरही गाडी निभावली असती. पण इतक्या गाड्या उघडल्यावर माझं मत काय आहे ते मला माहीत आहे.

खालच्या हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचर आत नेताना तो पायाशी उभा होता. दोन्ही हात काखेत घातलेले. म्हणाला, "बरा हो. पुढचं ऑइल बी तूच बदलायचंस." मला बोलता येत नव्हतं. मी हात वर केला असावा. दुसऱ्या दिवशी हवामान उघडलं आणि मला विमानाने चंदीगडला हलवलं.

तिथे मी बरेच आठवडे होतो. छाती सुधारली. परत गेल्यावर त्याला काय म्हणायचं, ते मी पलंगावर पडून जुळवायचो. थँक यू म्हणणं पलटणीत विचित्र वाटतं. मी ठरवलं होतं की सुट्टीला दोघं एकदम निघू, सोलापूर स्टेशनवर उतरू, आणि तिथे सांगू.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा वॉर्डातल्या फोनवर गुरमेल सिंग साहेबांचा कॉल आला.

"वाघमोडे."

"जी साहब."

"बिराजदार नहीं रहा."

मग त्यांनी सांगितलं. अँब्युलन्स एका आजारी जवानाला आणायला वर निघाली होती. एका वळणावर डोंगरावरून दगड यायला लागले. सिद्धारामने गाडी थांबवली. मागून रसदीचे दोन ट्रक येत होते, त्यांना वळणामुळे पुढचं दिसत नव्हतं. थॉमसला आत बसायला सांगून तो उतरला आणि मागे पळत जाऊन हातवारे करून त्याने ट्रक थांबवले. ट्रक थांबले. तेवढ्यात कडा सुटला. ट्रकमधले सगळे वाचले. थॉमस वाचला. गाडीचा दर्शनी भाग चेपला, पण इंजिन शाबूत राहिलं.

मी युनिटमध्ये परतलो तेव्हा ती अँब्युलन्स शेडमध्ये होती. पत्रा ठोकून सरळ केला, काच बसवली. ऑइल बदलायची वेळ झाली होती. साहेबांनी ते काम दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, नुसते डबे माझ्याजवळ आणून ठेवले आणि निघून गेले.

पहिल्या सुट्टीत मी त्याच्या गावी गेलो. सगळं सांगायचं म्हणून गेलो होतो. त्याच्या बायकोने, महादेवी वहिनींनी पाणी दिलं, मुलगी माझ्या हातात ठेवली आणि आत गेल्या. मुलगी माझ्या शर्टाचं बटण ओढत होती. तिच्या बापाने तिला पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं की आम्ही एका ठिकाणी होतो, लई चांगला माणूस. नंतर मी दर सुट्टीला जात राहिलो. रिटायर झाल्यावर सोलापुरात घर केलं. शिक्षणासाठी वहिनी मुलीला घेऊन सोलापुरात आल्या, तेव्हा खोली मीच शोधून दिली. पण ती खिंडीची गोष्ट त्या घरात कधी निघाली नाही. जखमेवरची खपली काढायची कशाला, असं वाटायचं.

मुलीचं नाव शिवलीला. ती आता बार्शीच्या एका कॉलेजात शिकवते. इतकी वर्षं एसटीने जायची. यंदा तिने गाडी घेतली, पांढरी, छोटी, पेट्रोलवरची. गाडी दारात आल्यावर हार घालून झाला, पेढे झाले, आणि एका रविवारी तिने मला बोलावून विचारलं की काका, पहिलं ऑइल कधी बदलायचं? शोरूमवाले म्हणतात पहिल्या सर्व्हिसला फक्त तपासणी, बदलायची गरज नाही. कॉलेजातले एक सर म्हणतात हजार किलोमीटरला बदलून टाका, नाहीतर इंजिन गेलं.

मी तिला सांगितलं की दोघंही आपल्या जागी खोटं बोलत नाहीत. सर जुन्या गाड्यांचं सांगतात. आताच्या इंजिनांचे भाग फार सफाईने घासून येतात, कण कमी सुटतात, ऑइलही चांगलं असतं. म्हणून गाडीबरोबर जे पुस्तक येतं त्यात लिहिलंय तसं कर. बऱ्याच गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असतं, जे आधी येईल ते. ते दुसरं, वर्षाचं, लोक विसरतात. तुझं बार्शीचं जाणं-येणं इंजिनाला चांगलं आहे, पुरतं तापतं. पण सुट्टीत गाडी नुसती भाजी मंडईपर्यंत गेली, सिग्नलला उभी राहिली, किंवा उन्हाळ्यात एसी लावून तासभर झाडाखाली चालू ठेवली, तर किलोमीटर वाढत नाहीत आणि ऑइल मात्र झिजतं. अशी वापरलीस तर थोडं आधीच बदल. आणि महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून थोडं थांबून पट्टी बघ.

मी बॉनेट उघडून तिला पट्टी दाखवली. तिने पुसली, पुन्हा घातली, काढली. म्हणाली, बरोबर मध्ये आहे. मी म्हणालो, छान. कमी झालं तर लक्ष दे, आणि वाढलं तर जास्त लक्ष दे.

"वाढेल कसं, काका?"

"इंधन मिसळलं की वाढतं. वास घेऊन बघायचं."

ती हसली. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी पट्टी तिच्या हातातून घेतली, जागेवर ठेवली. बॉनेट लावलं नाही.

"तुझ्या अप्पांनी," मी म्हणालो.

मग सांगितलं. उभ्याउभ्या, त्या उघड्या बॉनेटपाशी. डिझेलचा वास, बुखारीजवळचे डबे, रेडिओ, खिंड, फावडं, निळी नखं. नडी तम्मा सांगितलं तेव्हा तिने खाली बघितलं. सांगायला मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. वहिनी मघापासून उंबऱ्यात उभ्या होत्या, ते मला शेवटी दिसलं.

त्या पुढे आल्या. डोळे कोरडे होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, तो हिवाळा न्हवं? संक्रांतीच्या अगोदर?"

मी हो म्हणालो.

"त्यांचा फोन आलता. गावातल्या दुकानात. मला बोलावून न्हेलं. हातानं रिसिव्हर धरता येईना म्हणाले, दुसऱ्यानं कानाला लावून धरलाय. मी घाबरले. तर म्हणाले, काय न्हाय झालं, आज आपल्याकडचा एक माणूस वाचला. हुग्गी कर. नाव न्हाय सांगितलं. मी केली. सगळ्या गल्लीला वाटली. कोण वाचला म्हणून लोकं विचारत व्हते, मी म्हणलं मला ठाऊक न्हाय, आपल्याकडचा हाय. ते तुमी व्हता व्हय?"

मी मान हलवली. ज्याचे आभार मानायचे राहिले असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, त्याने त्याच दिवशी माझ्यासाठी आनंद केला होता, आणि त्याच्या घराने माझ्या नावाचं गोड खाल्लं होतं.

वहिनी आत गेल्या. त्यांनी गहू भिजत घातले, कारण हुग्गी तशी लगेच होत नाही, आणि मला दुसऱ्या दिवशी जेवायला यायला सांगितलं. मी गेलो. शिवलीलाने वाढलं. गूळ, तूप, शिजून मऊ झालेला गहू. मी दोनदा मागून घेतली.

दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला आम्ही तिघं गावी जातो. शाळेच्या भिंतीला त्याच्या नावाची शिळा आहे, वरती मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. यंदा शिवलीलाने गाडी चालवली. या वेळी शाळेची पोरं जमली होती, त्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी भाषण करणारा माणूस नाही. सावधान उभा राहिलो आणि पोरांना सांगितलं की नायक सिद्धाराम बिराजदार ड्रायव्हर होते, त्यांनी मला जिवंत खाली आणलं, आणि तेव्हा त्यांनी स्वतःच्या मुलीला अजून पाहिलंही नव्हतं. ती मुलगी ही, माझ्या मागे उभी आहे. मग मी बाजूला झालो, म्हणजे पोरांना ती दिसावी.